सिनेमातल्या गाडीची किंमत

तलासरी नाक्यापासून उधव्याच्या रस्त्याला लागलं की सुदामचं वेल्डिंगचं दुकान लागतं. ग्रिल, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, असली कामं. त्याची बायको भारती उंबरगावच्या कारखान्यात स्प्रेचं काम शिकलेली, म्हणून रंग तिच्याकडे आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही तिच्याकडेच. सुदाम बोलायला लागला की एकतर लाजून फारच कमी सांगायचा, नाहीतर चिडून भलतंच.

दोन हजार सोळा साली त्याने वापीला हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा पाहिला. त्यात पुढच्या कुठल्याशा शतकातली एक बाई बुटक्या, लांबलचक मोटरसायकलवर पोटावर आडवी होऊन पोलिसांना चुकवत पळत होती. चाकं कमरेएवढी आणि चाकांत उजेड. सुदामने तशीच गाडी करायला घेतली. इंजिन जुन्या दीडशे सीसीच्या गाडीचं, बाकी सगळं त्याने स्वतः वाकवलं, कापलं, जोडलं. दीड वर्ष रोज दुकान बंद झालं की तो तिच्याच मागे असायचा. भारतीने आधी टोमणे मारले, मग काळा रंग मारला, तोही सात हात.

गाडी चालली. अगदी ऐटीत चालली. फक्त वळत नव्हती. एवढ्या लांब गाडीला वळायला शाळेचं मैदान लागायचं.

सुदामचा चुलतभाऊ प्रवीण डहाणूत मोबाईल विकायचा. त्याने व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला आणि सुदामला सांगितलं, "अमेरिकेत अशी गाडी तीस लाखाला गेली. आठच्या खाली बोलू नको."

"अमेरिकेतली वळत असेल," भारती म्हणाली.

व्हिडिओ बघून पहिले आले ते कर्णिक. मुंबईचे. डहाणूला चिकूची वाडी विकत घेऊन तिचं रिसॉर्ट केलेलं. त्यांना गाडी दारात उभी करायची होती, म्हणजे येणारे लोक तिच्यावर बसून फोटो काढतील. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटाच्या टोकाने पत्रा वाजवला.

"काय घेणार?"

"आठ लाख," सुदाम म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला.

कर्णिक मनापासून हसले. "अरे, लोखंड किती? पत्रा किती? इंजिन भंगारातलं. चाळीस हजार देतो, तेही तुझी मेहनत बघून."

"साहेब," भारती म्हणाली, "तुमच्या खोलीचं भाडं तुम्ही विटा मोजून लावता का?"

"ताई, तिथे अनुभव विकला जातो."

"काय अनुभव? चिकूच्या झाडाखाली बसायचा? आम्ही लहानपणी फुकट बसायचो. राखणदार हाकलायचा तेवढंच."

कर्णिकांना गाडी चालवून बघायची होती. सुदामने सांगितलं, वळणाला जपा. पोटावर आडवं होऊन, चष्मा सावरत ते निघाले आणि पहिल्याच वळणावर सरळ जाऊन शेताच्या बांधाला टेकले. लागलं काहीच नाही. कपड्याला चिखल तेवढा लागला. भात लावणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या.

"ही काय गाडी आहे?" कपडे झटकत ते म्हणाले. "आता तीस हजार."

ते गेल्यावर भारतीने नवऱ्याला समोर बसवलं. कर्णिकांवर राग होताच, पण सुदामवर जास्त होता.

"तो चाळीस म्हणाला, तो लबाड. तू आठ लाख म्हणालास, तू येडा. गेट करताना कसं लावतो आपण? माल, मजुरी, रंग, वर आपला फायदा. ही गाडी काय आभाळातून पडली?"

"गेट आणि ही एक आहे का?" सुदाम दुखावून म्हणाला.

"नाही. म्हणून फायदा दुप्पट धरू. पण वळत नाही त्याचे कापायचे."

त्याने हिशेब ऐकायचं नाकारलं, तिने तोंडी करून ऐकवलाच. एक लाख सत्तर हजार. सुदामने दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. आठ लाखांत त्याने मनातल्या मनात घराला स्लॅब घातला होता, तो आता उतरवायचा होता.

पंधरवड्याने कर्णिक परत आले. बरोबर मुंबईचे एक जाणकार होते. पुरातन वस्तू, चित्रं, गाड्या, असल्या गोष्टींची किंमत सांगणं हा त्यांचा धंदा. गळ्यात उपरणं, पायात कोल्हापुरी. त्यांनी खूप वेळ गाडीकडे बघितलं. डोळे बारीक करून बघितलं की फी जास्त मिळत असावी.

"रस्त्यावर पासिंग होणार नाही, म्हणजे वाहन म्हणून किंमत शून्य," ते म्हणाले. "कलावस्तू म्हणून बघायचं तर कलाकार कोण?"

"सुदाम," भारतीने बोट दाखवलं.

"कोण सुदाम? म्हणजे नाव आहे का त्यांचं?"

"आता सांगितलं ना."

जाणकारांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कर्णिकांना बाजूला घेऊन बोलले, पण दुकान एवढंसं, सगळं ऐकू येत होतं. मग कर्णिक हसत पुढे आले.

"सुदाम, तुमचं काम झालं. तीन लाख देतो. फक्त हा काळा रंग घालवायचा. गेरू लावून वर वारली चित्रं काढायची. तारपा वाजवणारा, गोल नाच, झाडं. आदिवासी कलाकाराची भविष्यातली गाडी. लोक वेडे होतील."

सुदामने भारतीकडे बघितलं. तीन लाख हा आकडा त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

मागे सुदामची आई रखमी सुपात तांदूळ निवडत बसली होती. गावात लग्न निघालं की भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायला तिला बोलवायचे. ती वर न बघता म्हणाली, "चौक लग्नाला लिहितात. गाडीचं लग्न आहे का?"

"आजी, ते आपलं डेकोरेशन," जाणकार समजावणीच्या सुरात म्हणाले.

"मग तुमच्या घरी पूजेला बसता ते पण डेकोरेशनच का?" भारती म्हणाली. "साहेब, गाडी तीच. चाक तेच, इंजिन तेच, वळत तर अजून नाहीच. वर चार माणसं नाचली की तीस हजारांची तीन लाखांची होते. म्हणजे तुम्हाला गाडी नको. आम्ही दारात उभे पाहिजे."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"एक सत्तर. काळी. न्यायची तर न्या."

ते नेणार नव्हतेच. जाणकारांनी निघताना सुदामच्या हातात कार्ड दिलं. भारतीने ते घेऊन रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरलं, पण कार्डच वाकलं.

सुदाम त्या संध्याकाळी जेवला नाही. "तीन लाख," एवढंच म्हणाला.

"मला पण वाईट वाटतंय," भारती म्हणाली. "पण उद्या तो म्हणेल, तू पण दारात लंगोटी लावून बस."

दिवाळीनंतर आशागडचा लक्ष्या आला. त्याचा डीजेचा धंदा, तीन टेम्पो, लग्नसराईत मोठी मागणी. त्याने गाडी चालू करून आवाज ऐकला, वर आडवा झाला, खाली उतरून मांडी चोळली.

"सुदामदादा, इंजिन चटके देतं. काय सांगता?"

"एक सत्तर," सुदाम म्हणाला. या वेळी जमिनीकडे न बघता.

"वळत नाही म्हणे."

"नाही वळत. त्याचे आधीच कापलेत," भारती म्हणाली.

"मला वळवायचीच नाही, वहिनी. टेम्पोतून नेणार, नवरा वर बसवणार, पाड्यातून मांडवापर्यंत सरळ. पण चटक्याचे दहा कमी करा. नवरा भाजला तर माझ्या अंगावर येईल."

चटका खराच होता. भारतीने दहा कमी केले. लक्ष्याने थोडे रोख दिले, बाकीचा चेक. चेक वटला.

पहिल्या लग्नाला सुदाम मुद्दाम गेला. डीजे वाजत होता, चाकांतल्या निळ्या पट्ट्या भर दुपारी पेटवल्या होत्या आणि त्याच्या गाडीवर एक घाबरलेला नवरा पोटावर आडवा पडला होता. बाशिंग घसरून नाकावर आलेलं. दोन मित्र त्याला कमरेला धरून चालत होते. पोलिसांना चुकवणारी ती बाई कुठे आणि हे कुठे. सुदामला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"नवरा दिसत नाही कोणाला, दादा," लक्ष्या ओरडत जवळ आला. "हँडल वर घ्या आणि बसायला सीट करा. किती घ्याल?"

सुदामला सांगावंसं वाटलं की ही गाडी बसायची नाही, आडवं व्हायची आहे, तशीच ती शोभते. त्याने नवऱ्याकडे बघितलं. पोराला घाम फुटला होता.

"आठ हजार," तो म्हणाला. "आणि सीट तुझ्या पसंतीची. मला दाखवू नको."