बेचाळिसावा

"पुन्हा तीच बाई?" त्याने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"बाई तीच. गाणं नवं आहे," बायको मान वर न करता म्हणाली. बटाट्याची साल एका लांब वळणात खाली उतरत होती. तिच्या डाव्या कानात इअरफोनचं एक टोक होतं. दुसरं ओट्यावरून लोंबत तिच्या गुडघ्याशी हलत होतं.

ती इस्पितळात डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित अहवाल ऐकून टाइप करायची. तीन महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत तिने लावलेली गाणी संपली आणि फोनने आपणहून पुढचं काहीतरी लावलं. नॉर्वेची कोणी अप्रसिद्ध गायिका, तिची स्वतःची भाषा आणि साथीला नुसता सिंथेसायझर. "दिवसभर एकेक शब्द पकडायचा. एक निसटला तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ," ती म्हणाली होती. "इथे एक शब्द कळत नाही. केवढी सुट्टी वाटते, माहितीये?"

पहिल्या दिवशी दुसरं टोक तिने त्याच्या कानात घातलं होतं. अर्धा मिनिट ऐकून तो म्हणाला होता, "आपला जुना फ्रिज असाच वाजायचा." ती हसली होती. मात्र ते टोक त्यानंतर त्याच्याकडे कधी आलं नाही.

"अहो, हे बघा." तिने ओला हात पदराला पुसून फोन पुढे केला. "महिन्याभरात किती जणांनी ऐकलं तो आकडा. एक्केचाळीस! अख्ख्या जगात. आणि त्यातली एक मी."

त्याला त्या गायिकेचा मत्सर वाटला नाही. वाटला तो उरलेल्या चाळिसांचा. बावीस वर्षांत जिन्याच्या कितव्या पायरीवर ती श्वास घ्यायला थांबते हेही त्याला पाठ झालं होतं. आणि कुठल्याशा गोठलेल्या गावांतले चाळीस अनोळखी लोक तिच्या अशा एका खोलीत बसले होते, जिच्या उंबऱ्यावर त्याने स्वतःच जोडे झटकून पाठ फिरवली होती.

तो कवळ्या बनवायचा. कारखान्यात त्याच्या शेजारी कवळ्यांचे दात यंत्रावर घासून चकाकी देणारे काका बसत. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या फोनवरून उतरवलेलं नाव त्यांच्यापुढे धरलं.

"काका, एवढं शोधून द्या माझ्या फोनवर."

"हे काय लिहिलंय? ओच्या पोटातून काडी आरपार गेलीये."

"त्यांच्याकडे असाच असतो."

"बाई कोण पण?"

"बायकोच्या ओळखीची आहे."

"मग जपून ऐक रे बाबा!" काका म्हणाले आणि त्यांचं यंत्र खिदळल्यासारखं सुरू झालं.

तो गाण्यांत खोट काढायलाच बसला होता. पहिल्या दिवशी ती सहज सापडली. चौथ्या दिवशी शोधावी लागली. विस्तवापासून दूर केलेलं मेण क्षणभर ना पातळ असतं ना घट्ट. तो आवाज तसा होता. एका गाण्यात मध्येच गायिका गायची थांबे आणि सात ठोके नुसता सिंथेसायझर वाजे. त्या सात ठोक्यांत त्याच्या हातातली मेण कोरायची सुरी आपोआप थांबू लागली.

आठवड्याने बायको दार उघडतानाच म्हणाली, "बेचाळीस झाले!"

ती भर त्याचीच होती. सांगणार, तोच ती पुढे म्हणाली, "कोण असेल हो? एकटा राहणारा असेल. खिडकीशी बसून शेवटपर्यंत ऐकत असेल. कमी बोलणारा."

"पुरुषच कशावरून?"

"असंच वाटतं. आणि फ्रिज म्हणणारा नसेल, एवढं नक्की."

तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं, जे त्याच्यासाठी बऱ्याच वर्षांत उजळलं नव्हतं. 'तो मी' म्हटलं असतं तर ती हसलीच असती. पण खिडकीशी बसलेला तो माणूस मात्र उठून गेला असता, आणि त्याच्या जागी उरला असता हा, नखांत प्लास्टर अडकलेला. त्याने जोडे काढून कोपऱ्यात ठेवले.

पुढे रोज चहाबरोबर बेचाळिसावा येऊ लागला. "आज त्याच्याकडे बर्फ पडत असेल." "आज त्याला बरं नसेल." शेवटी एका सकाळी, सवतीकडे बघावं तसं फोनकडे बघत, त्याने ऐकणंच बंद केलं. महिना सरला की माणूस आकड्यातून गळतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तीस दिवस मोजले.

"गेला तो," ती एका संध्याकाळी म्हणाली. दिवसभर टाइप केलेल्या अहवालांतली एखादी ओळ वाचावी, तशा आवाजात.

त्याला आनंद व्हायला हवा होता. ती टेबलाशी येऊन बसली. बराच वेळ वायर बोटाला गुंडाळून सोडवत राहिली, आणि मग दुसरं टोक तिने त्याच्यापुढे धरलं.

"ऐकता का जरा? आज एकटीला नको वाटतंय."

त्याने ते कानात घातलं. तेच गाणं. ठोका पडण्याआधीच त्याचं बोट टेबलावर उचललं गेलं. त्याने हात मांडीवर ओढून घेतला. आवाज थांबला. सात ठोके. श्वास रोखून, प्रथमच ऐकणाऱ्यासारखा नवलाचा चेहरा करून तो बसला.

"कसं वाटलं?"

"फ्रिजसारखं नाही."

ती ओझरतं हसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता. "बरंय, तुम्ही तरी ऐकलंत," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली, कुणाची तरी वाट पाहावी तशी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने अर्धवट कवळी बाजूला सरकवली आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. बाहेर समोरच्या गोदामाची भिंत होती.

"अरे, सुट्टी झाली का तुझी?" काकांनी विचारलं.

"चार मिनिटं थांबा, काका."

त्याने गाणं सुरू केलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.