चाळलेलं खाद्य

धुरपदाबाईच्या पंचवीस कोंबड्यांनी तिच्या अगदी नाकीनऊ आणले होते. तामलवाडीच्या नव्या कुक्कुटपालन सोसायटीत आपलं नाव लागावं म्हणून ती आठ महिने भांडली, तेव्हा कुठं या पांढऱ्या विलायती कोंबड्या तिच्या दारात आल्या. तिच्या नावावरची ही जन्मातली पहिली गोष्ट. आणि या भवान्या करत काय होत्या? एकमेकींची पिसं उपटून खात होत्या! पुढ्यात खाद्य पडलेलं असायचं, तरी एक खाली वाकली की दुसरी तिच्या शेपटीला भिडायची. निम्म्या जणींच्या पाठी उघड्या पडल्या, अंडी आटली.

धुरपदाबाईनं करायचं काय ठेवलं होतं? हळद लावली, डांबराचा बोळा फिरवला, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. तिच्या सासूनं, सारजाबाईंनी, मीठ-मिरच्या ओवाळून दृष्टसुद्धा काढली. दृष्ट लागायला त्यांच्यात रूप कुठं उरलं होतं!

सोमवारी सोसायटीचे सुपरवायझर महांतप्पा आले. त्यांनी डब्यातलं खाद्य चिमटीत चोळून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, यातला कोंडा कुठं गेला?"

"डब्यात असतंय तसंच घालते की म्या!"

"मग काय उडून गेला व्हय? कोंबडीच्या पोटातल्या चक्कीला भरड कायतरी लागतंय. ते घावलं न्हाय की तिचं पोट भरत न्हाय, मग ती पिसं गिळती. आठ दिवस देतो. न्हायतर जळकोटची एक बाई वाट बघायलीय, तिला देऊ ह्या."

महांतप्पा सायकलवर टांग मारून गेले आणि धुरपदाबाई चडफडत राहिली. कोंडा सोसायटीनं मारायचा आणि बोल हिनं खायचे! रागारागानं तिनं नवं पोतं उसवलं. त्यात तर ओंजळ-ओंजळ कोंडा होता. पोत्यातून डब्यात जाईपर्यंत मग तो जात होता कुठं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं महिनाभर चाललं होतं म्हणायचं. डबा भरला जायचा तो ती रानात असताना; म्हणून दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम रानातून लवकर परतली.

सारजाबाई पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. हातात घरातली चाळण. बारीक खाद्य डब्यात पडत होतं आणि वर राहिलेला कोंडा त्या म्हशीच्या पाटीत ओतत होत्या. म्हैस उगीच का महिन्याभरात टुमटुमीत झाली होती!

"आत्याबाई! आवं, काय चालवलंय ह्ये? कुनी सांगितलं चाळायला?"

"वरडतीस कशाला? एवढ्याशा जिवाला कोंडा घालायचा व्हय? त्यातल्या मासळीच्या भुकटीचा घाण वास येतोय, तरी नाक दाबून रोज चाळते म्या."

"त्याच्याबिगरच मरायल्यात त्या! माज्या कोंबड्या न्यायला निघालाय त्यो मानूस!"

सारजाबाईंचा हात थांबला. त्यांना हे काही केल्या पटेना.

"बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या त्या लाल मिलो जोंधळ्याचं पीठ असंच चाळून तुला भाकर घातली म्या. तू पोटुशी व्हतीस. तवा कुटं मेलीस?"

"अन् वरचा कोंडा?"

"त्यो म्या खाल्ला की, पान्यात कालवून. टाकून देते व्हय? म्हून तर सांगते, धुरपदे, कोंड्यानं पोट भरत न्हाय. मला ठावं हाय."

आज भाजी कसली केली हे सांगावं, तितक्या सहज त्या बोलल्या आणि पुन्हा चाळायला लागल्या.

चाळण तर काढून घ्यायलाच हवी होती, पण तिला हात लावायचा धुरपदाबाईला धीर होईना. कोंबडी काय खाते आणि तिला काय लागतं, याचा ती महिनाभर जीव तोडून शोध घेत होती. त्या साली सासूनं काय खाल्लं, हे मात्र पाच वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.