कोऱ्या चिठ्ठीचं उत्तर

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभूला परस्पर काही विचारायची पद्धत नाही. शनिवारी चिठ्ठी लिहायची, घडीवर नाव घालायचं आणि व्यासपीठाजवळच्या लाकडी पेटीत टाकायची. रविवारी उपासना संपली की ती परत मिळते. मागच्या बाजूला पाळकसाहेबांच्या बारीक, उभट अक्षरात होय किंवा नाही, आणि खाली एक ओळ. फ्रिज घेऊ का, दाढ काढू का, मुलगी त्या स्थळी देऊ का. सुतारकाकांनी एकदा मिशी काढू का विचारलं होतं. उत्तर 'नाही' आलं. काकू आठवडाभर फणफणत होत्या, "टोचते मला, आणि परवानगी यांची!" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मिशी मात्र राहिली.

माझा प्रश्न एका ओळीचा होता. आईकडे जाऊ का?

आईची उजवी बाजू लुळी पडली होती. मावशीचा फोन आला, "बोलते गं, पण अर्धंच कळतं. तुझ्या पिल्लाला बघायचंय म्हणते. उशीर नको करूस." पिल्लू चार महिन्यांचं झालं, आणि आजीने त्याला फक्त फोनवर पाहिलेलं. आई तिच्या जुन्या चर्चमध्ये जाते, म्हणून पाळकसाहेब तिला कोमट म्हणतात. कोमट माणसांत राहिलं की आपणही निवतो, म्हणे.

रविवारी चिठ्ठी हातात आली. 'नाही. तुझ्या हृदयाच्या सिंहासनावर दुसरंच कोणी बसलं आहे. आधी त्याला उतरव.'

चुकलं असेल माझंच, असं पुटपुटत मी कागद उलटा केला. कोरा. घडीवर माझं नाव, आत अक्षरही नाही.

आम्ही मंडळीच्या सभागृहामागच्या दोन खोल्यांत राहतो. खुर्च्या, माइक, झाडलोट सगळं नवराच बघतो. खोलीत येऊन मी लंगोटांची पिशवी उपसली. लिहिलेली चिठ्ठी तळाशी, पावडरीने माखलेली. नाव घातलेले कागद मी आधीच करून ठेवते. शनिवारी पिल्लू रडत होतं, एका हाताने घडी घालताना कोराच पेटीत गेला होता.

नवऱ्याला दोन्ही कागद दाखवले.

"प्रभू मन वाचतो," तो म्हणाला. "त्याला शाई कशाला लागते?"

"प्रभूला नाही लागत. पाळकसाहेबांना?"

तो चपला घालून बाहेर गेला.

दुपारी पाळकसाहेब आले, पाळकीणबाईंना घेऊन. आमच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेही असते, त्यामुळे दार वाजत नाही, नुसतं उघडतं. मागून नवरा आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. 'बसा' म्हणेपर्यंत ते बसलेही होते. पाळकीणबाईंनी हात पसरले, "दे गं इकडे त्याला." मी दिलं नाही.

"कोरी चिठ्ठी टाकून परीक्षा घेतलीस?" पाळकसाहेबांचा आवाज मऊ होता, नेहमीपेक्षाही मऊ.

"चुकून गेली, साहेब. पण कोरीला उत्तर कसं आलं?"

"तुझ्या हृदयावर सत्ता कोणाची, बाळ?" मला ते बाळच म्हणतात.

"प्रभूची."

"मग माझं ऐकायला जड का जातं?"

बोलता बोलता त्यांनी पिल्लाच्या टाळूवर हात ठेवला. तिथे कातडीखाली अजून ठोके दिसतात. मी स्वतः तिथे नुसते ओठ टेकवते, तेही जपून. त्यांचा तळहात अख्खं डोकं झाकून राहिला.

"घरात शंका शिरली की ती आधी लहानग्याला बाधते," ते म्हणाले. "मी पाहिलंय."

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? 'चुकलं, माफ करा' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. डोळे मिटले आणि या मंडळीत आल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच चिठ्ठीशिवाय विचारलं, प्रभू, जाऊ का? होय आलं नाही, नाहीही आलं नाही. नुसतं शांत वाटलं. तो मला भीती घालत नव्हता. भीती घालणारा समोर खुर्चीत बसला होता.

मी तो हात बाजूला केला.

"त्या सिंहासनावर आई नव्हती, साहेब. हे पिल्लूही नव्हतं. तुम्हीच होतात. मीच बसवलं होतं तुम्हाला. मी आईकडे जातेय."

पाळकीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पाळकसाहेब मुळीच रागावले नाहीत. सावकाश नवऱ्याकडे वळले. "लेकरू तुझंही आहे ना रे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून, पुढचा शब्द काय येतो त्याची वाट बघत होता.

तो शब्द यायच्या आत मी पिशवी उचलली.

रस्त्यावर ऊन नव्हतं. थोडं पुढे गेले तर मागे पावलं वाजू लागली. एकाची, मग दोघांची. घाई नव्हती त्यांना. पिल्लाने कपाळ माझ्या मानेला टेकवलं, आणि ते मला गरम लागलं. पाय जागीच थबकले. मागची पावलंही थांबली.

"प्रभू, तुझंच आहे हे," मी वर न बघता म्हणाले, पिल्लाला पदराखाली घेतलं आणि बसथांब्याकडे चालू लागले.