अंगावरचं माप

आईच्या दुकानात कापडाला कात्री लावण्याआधी डोळे मिटायची पद्धत होती. गिऱ्हाइकाचं माप घेऊन झालं, कापड टेबलावर पसरलं, खडूच्या रेघा मारून झाल्या, की आई दोन्ही हात टेबलावर टेकवायची आणि तो कोट त्या बाईच्या अंगावर चालताना बघायची. बाई जिना चढतेय, वाकून पिशवी उचलतेय, रस्त्यापलीकडच्या कुणाला तरी हात करतेय. काखेत ओढ कुठे बसते, पाठीवर फुगा कुठे येतो, ते तिला तिथेच दिसायचं. मग एखादी रेघ पुसून दुसरी मारायची आणि त्यानंतरच कात्री उचलायची.

"चूक करायचीच असेल तर आधी डोक्यात करून घ्यावी," ती म्हणायची. "तिथे कापड फुकट जात नाही."

थोरली मुलगी हे सगळं तिच्या हाताखाली शिकली. शाळा सुटल्यापासून ती दुकानातच होती आणि आता कोट बेतायचं काम बहुतेक तिच्याकडेच आलं होतं. धाकटीला सुईचा पहिल्यापासून कंटाळा. ती शिकून मोठ्या कंपन्यांमध्ये लागली, आणि तिथल्या लोकांना ध्येय कसं गाठायचं याचे धडे द्यायला लागली. डोळे मिटा, जे हवं ते मिळालेलं आहे असं बघा, रोज बघा, अगदी बारीकसारीक तपशिलासकट बघा, शंका मनात येऊ देऊ नका, असं ती त्यांना सांगायची. आईला याची भारी गंमत वाटायची.

"म्हणजे माझाच धंदा की! फक्त कापड नाही," ती म्हणायची. "आणि काय गं, ते साहेब लोक डोळे मिटून बसल्यावर घोरत नाहीत?"

"घोरतात एखाददुसरे. पण पगारी घोरतात."

आई आजारी पडली आणि ही चेष्टामस्करी बंद झाली. आजार पोटात होता आणि कळला तेव्हा पसरलेला होता. जे जे करता येण्यासारखं होतं ते करून झाल्यावर डॉक्टरांनी दोघी बहिणींना बाहेर बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या, त्यांना त्रास होणार नाही एवढं बघा. धाकटी भिंतीला टेकून रडली. थोरली रडली नाही. ती मान डोलावत राहिली, एखादं गिऱ्हाईक कॉलरबद्दल बोलत असावं तशी.

दुकानामागच्या खोलीत आईचा पलंग लावला. मधलं दार उघडं ठेवलं, म्हणजे तिला मशीनचा आवाज ऐकू यावा. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहायचं, पण थंडी काही केल्या जाईना. अंगावर दोन पांघरुणं असली तरी तिचे खांदे गारच. पांघरूण घसरायचं, ते ओढून घ्यायची ताकद हातात नव्हती.

"मला काहीतरी गरम शीव गं," ती एका सकाळी थोरलीला म्हणाली. "वरच्या फळीवर करडं लोकरी कापड आहे. माझ्यासाठीच घेतलं होतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत माझा नंबर कधी लागलाच नाही."

त्याच दिवशी धाकटी आईजवळ बसली. काहीतरी करावं म्हणून, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, ती म्हणाली, "आई, डोळे मिट. तू नवा कोट घातलायस. दारातून बाहेर पडलीस. गल्लीतून चालतेयस, थेट पुलापर्यंत." आईने लेकीचं मन राखायला डोळे मिटले आणि जराशाने तिला झोप लागली. धाकटीच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. हे तर आपल्याला येतं! धाकटीला ते नुसतं सांगता येतं, पण आपण आयुष्यभर हेच करत आलो. जे नाही ते अंगावर चालताना बघायचं, आणि ते जसं दिसलं तसं हातातून उतरवायचं. आजवर कितीतरी कोट असे उतरले. मग बरी झालेली आई का नाही उतरणार?

असा विचार कुणाला बोलून दाखवण्यासारखा नव्हता, हे तिलाही कळत होतं. म्हणून ती बोलली नाही. तिने करडं कापड टेबलावर पसरलं आणि डोळे मिटले.

आई दारातून बाहेर पडली. भरलेले खांदे, गळ्याखाली नीट बसलेली कॉलर. फळवाल्याशी घासाघीस केली, त्याचंच एक फळ चाखून त्यालाच नावं ठेवली. पुलावर कठड्याला रेलून खालचं पाणी बघितलं. इतकं स्वच्छ दिसलं की थोरलीला रडू फुटलं. त्या दिवसापासून तिला दुसरा उद्योग उरला नाही. चहा गाळताना, इस्त्री तापताना, आईचं अंग पुसतानासुद्धा ती डोळे मिटायची. त्या चित्रात आजारी बाईला मज्जाव होता. कधी गल्लीच्या मध्यावर आईचा पाय लटपटायचा, गाल आत गेलेले दिसायचे, की थोरली पुन्हा दारापासून सुरुवात करायची. दहादा करायला लागलं तर दहादा. एक चूक राहिली तर ती आईला भोवेल, अशी तिची खात्रीच झाली होती.

म्हणूनच तिने आईचं माप घेतलं नाही.

"टेप आण की," आई आतून म्हणायची.

"कशाला? तुझं माप मला तोंडपाठ आहे."

दुकानात काज-बटणांचं काम करणारी बाई होती, आईच्याच वयाची. सगळे तिला काजवालीच म्हणायचे. तिने कापडावरच्या रेघा बघितल्या आणि सुई खाली ठेवली.

"ताई, हे बाईंचं जुनं माप झालं. अंग किती उतरलंय त्यांचं. एकदा अंगावरून टेप फिरवा."

"मावशी, तुम्ही काज करा. बेतायचं माझं मी बघते."

"बघा बाई. बघताय कुठे पण? डोळे तर मिटलेले असतात."

थोरलीने हातातला खडू असा आपटला की त्याचे तुकडे झाले. काजवालीने सुई पुन्हा उचलली, पण तिच्याकडे बघत राहिली.

कोट लवकर होईना. एरवी थोरलीचा हात सपासप चालायचा. या कोटाचा प्रत्येक टाका ती चित्र डोळ्यांपुढे धरून घालत होती, आणि चित्र जरा हललं की टाका उसवत होती. खांद्यांत भर घातली. अस्तर दोनदा बदललं. आतून आईचा आवाज यायचा, दर दिवशी थोडा बारीक झालेला.

"झाला का गं?"

"होतोय, आई."

"साधा शिवलास तरी चालेल. नुसती पाठ झाकली तरी चालेल."

धाकटी एकदा दुपारी आली, आईचे हात चोळत बसली आणि मग दुकानात येऊन दार ओढून घेतलं.

"ताई, काय चालवलंयस तू? ती कुडकुडतेय तिथे. बाजारातून एक जाकीट आणू का?"

"खबरदार आणलंस तर. तूच सांगितलंस ना, शंका मनात येऊ द्यायची नाही म्हणून? तपशिलासकट बघायचं म्हणून?"

"अगं, ते मी बढती मागणाऱ्या लोकांना सांगते!" धाकटी जवळजवळ किंचाळली. "बढती, ताई! फार तर घर. तेही सगळ्यांना मिळतं का? आईला बरं वाटावं, दोन घटका मन रमावं, म्हणून मी ते बोलले. तुझ्यासाठी नव्हतं ते."

"तुझा विश्वास नव्हता तर बोललीस कशाला?"

धाकटी खाली बसली आणि टेबलाखालच्या चिंध्या उगाचच गोळा करायला लागली. थोरलीने पुन्हा मशीन सुरू केलं. तिला बहिणीची कीव यावी असं काही तिच्यात त्या वेळी शिल्लक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की कोट पुरा झाला पाहिजे, आणि तो आईला आला पाहिजे. आला, की आई बरी झाली.

कोट झाला. दुकानातून आजवर बाहेर पडलेल्या कोटांत असा दुसरा नसेल. थोरलीने तो हातांवर आडवा धरून आत नेला. धाकटीने आणि काजवालीने आईला दोन्हीकडून धरून बसवलं. एक हात बाहीत घातला, दुसरा घातला.

कोट आईच्या अंगावर बसला नाही, तो तिच्याभोवती उभा राहिला. खांदे दंडांवर उतरले. बाह्यांतून बोटंही दिसेनात. कॉलर मानेपासून इतकी दूर राहिली की मधून सगळा गारवा आत शिरत होता. आणि कापडाचं, अस्तराचं, त्या भरीचं ओझं असं, की आई हळूहळू पुढे झुकायला लागली. काजवालीने तिला पाठीमागून सावरलं.

आईने मोठ्या मुश्किलीने बाहीतून बोटं बाहेर काढली, कोटाची कड उलटून आतली शिलाई बघितली.

"हात छान बसलाय तुझा," ती म्हणाली. मग वर बघून, "कुणाचा गं हा?"

थोरलीला वाटलं, आईला भ्रम झाला. पण आईचे डोळे लख्ख होते.

"तुझाच आहे, आई."

"माझ्या अंगाला कुठे लागतोय तो?" आई दम घ्यायला थांबली. "ती तुझी बाई... डोळे मिटून बघतेस ती. बरी आहे का?"

थोरलीला वाटत होतं, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ती खाली बघत म्हणाली, "बरी आहे. पुलापर्यंत जाते. फळवाल्याशी भांडते."

"भांडणारच. चोर आहे तो." आईच्या ओठांचा कोपरा हलला. "मग तिला थंडी वाजत नसेल. मला वाजतेय."

थोरली पलंगाशी गुडघ्यांवर बसली. इतके दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं. "मी तिला सोडलं तर तू जाशील," ती म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही, आई. हेच येतं."

"मी जाणार आहे," आई म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला कोट कधी मिळेल ते सांगावं, त्याच आवाजात. "गारठून कशाला घालवतेस? टेप आण."

थोरलीने टेप आणला. आईच्या छातीभोवती फिरवला. हाताला फासळ्या लागत होत्या. तिने आकडा सांगितला.

"टेपखाली बोटं घातलीस," आई म्हणाली. "काढ ती."

थोरलीने बोटं काढली. टेप आणखी आत आला, आणखी आत आला, आणि मग एकदाचा अंगाला लागला. तिने खरा आकडा उच्चारला. आपल्याच आवाजात तो ऐकताना तिला वाटलं, हा आकडा लहान मुलीच्या फ्रॉकचा आहे. काजवाली तोंड फिरवून उभी होती. धाकटी लिहून घेत होती आणि तिला लिहायला वेळ लागत होता.

मग तिघींनी मिळून कोट उसवला. धाकटीनेसुद्धा ब्लेड हातात घेतलं. बोट कापून घेतलं, शिव्या घातल्या, पुन्हा उसवायला बसली. खांद्यातली भर काढून टाकली. कमरेखालचं सगळं कापून टाकलं. बसणाऱ्या, निजणाऱ्या माणसाला ते कशाला हवं? थोरलीने राहिलेलं कापड पलंगावरच, आईच्या पायांपाशी पसरलं, नव्या मापाने रेघा मारल्या आणि कात्री लावली. डोळे मिटायला थांबली नाही. चूक झाली असती तर कापडावरच झाली असती.

मोठ्या कच्च्या टाक्यांनी पाठ आणि पुढचे दोन भाग जोडले. एक बाही लावून झाली, दुसरी राहिली होती, तेव्हा आईचे दात वाजायला लागले.

"दे तसाच," ती म्हणाली.

त्यांनी तो तिला घातला. यावेळी कापड अंगाला लागलं. पाठीशी लागलं, मानेशी लागलं. आई मागे उशीला टेकली आणि तिने डोळे मिटले. एक हात करड्या लोकरीत, दुसरा उघडा.

थोड्या वेळाने थोरली म्हणाली, "आई, जरा काढू का? बाही लावून परत देते."

आईने मान हलवली. "काढू नकोस. अंगावरच लाव."

थोरली पलंगाच्या कडेला बसली. बाही आईच्या हातावर चढवली, खांद्याशी मुंढ्याला आणून टाचली आणि सुईत दोरा ओवला. सुई कातडीपासून केसाएवढ्या अंतरावरून जात होती. त्या कातडीवरचे दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी पडलेले निळे डाग, सुरकुती, दंडाचं हाड, सगळं तिला बघावं लागत होतं. क्षणभर नजर हलवली असती तरी टोचलं असतं. दंड अजून गार होता. मग बाहीच्या आतून हळूहळू कमी गार लागायला लागला.

"टोचत नाही ना?"

"नाही." थोरलीने दुसरा दोरा ओवला. थोरलीला वाटलं, झोप लागली. मग आई म्हणाली, "ऊब यायला लागलीय. सावकाश शीव. आता घाई नाही."

थोरलीने मान डोलावली आणि टाके आणखी जवळजवळ घ्यायला सुरुवात केली.