सकाळी केलेली सही

नळी मला बाबांच्या स्कूटरच्या डिक्कीत सापडली. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. स्कूटर आईच्या नावावर करायची म्हणून मी कागद शोधत होते. कागदांच्या खाली, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं एक बंद पाकीट होतं. आत हातभर लांबीची काळी रबरी नळी, दोन्ही टोकांना नट, आणि तिच्यासोबत आलेलं छापील प्रमाणपत्र. पाकिटाचं सील तसंच होतं.

मी तिथेच पायरीवर बसले. ही नळी विमानात असायला हवी होती. विमानाच्या वहीत ती विमानात बसवल्याची नोंद होती, आणि नोंदीखाली बाबांची सही.

बाबा, म्हणजे शेषराव खिल्लारे, पुण्यात सव्वीस वर्षं ग्लायडर दुरुस्त करत होते. निवृत्त होऊन हट्ट्याला परत आले, तेव्हा आता हात रिकामे राहणार म्हणून उदास होते. मग शिवशंकर जाधवांनी औंढ्याच्या बाजूला, आपल्या जमिनीवर मुरमाची धावपट्टी केली आणि एक मोटर ग्लायडर आणलं. लांब पंखांचं, दोन माणसांचं विमान. इंजिनावर वर चढायचं आणि वर गेल्यावर इंजिन बंद करून घारीसारखं तरंगायचं. त्याची तपासणी करून सही करण्याचा अधिकार असलेला माणूस आमच्या भागात एकच होता. सहा वर्षं बाबा आठवड्यातून तीनदा तिकडे जात.

या विमानांचे काही नियम असतात, त्यात घासाघीस नसते. टाकीतून इंजिनाकडे इंधन नेणारी नळी पाच वर्षं झाली की बदलायचीच. दिसायला कशीही असो. बदलल्याची सही होईपर्यंत विमान जमीन सोडत नाही. ती पाच वर्षं डिसेंबरात संपली होती.

सही झाली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वही मीच धरली होती.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला बाबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि वही उघडली. मी सुट्टीवर आले होते. हिंगोलीला कॉलेजच्या ग्रंथालयात मी असते.

"काम व्हायच्या आधीच लिहिताय?" मी विचारलं.

"अगं, दुपारी हात ऐकत न्हाई. सही वाकडी आली की तपासणारा दहा प्रश्न विचारतो. काम काय, तासाभराचं. धर जरा वही."

मी दोन्ही हातांनी वही दाबून धरली. त्यांनी सावकाश लिहिलं. नळी काढली, नवी बसवली, गळती तपासली. तारीख. सही. सकाळच्या हाताची, सरळ.

माझ्या लहानपणी पुण्यातली शिकाऊ पोरं घरी जेवायला यायची, तेव्हा ताटावर बसून बाबा त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत. आधी हात काळे करा, मग कागद काळा करा. मला ते वाक्य पाठ होतं. त्या सकाळी मी ते म्हणाले नाही. त्यांच्या हाताबद्दल बोलायला लागू नये, म्हणून.

नंतर काय झालं ते राखणदार देविदासने सांगितलं. बाबा शेडवर पोचले, इंजिनावरचं झाकण काढलं, "जरा दम घेतो" म्हणून खुर्चीत बसले, आणि उठलेच नाहीत. त्यांना गाडीत घालून नेल्यावर धूळ जाऊ नये म्हणून देविदासने झाकण परत लावलं. स्क्रूसुद्धा नीट मोजून. संध्याकाळी स्कूटर आमच्या दारात आणून लावली. त्याची काहीच चूक नव्हती.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाला शिवशंकरराव आले. वंदना झाल्यावर दोन शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, "साहेब गेले, पण काम अर्धं सोडून न्हाई गेले. नळी बदलली, वहीत लिवलं, अन् मगच खुर्चीत बसले. असा माणूस पुन्हा होनार न्हाई." मग त्यांनी सांगितलं की पुढच्या रविवारी त्यांची मुलगी प्रतिक्षा बाबांना मान म्हणून पहिलं उड्डाण करणार आणि शेडला बाबांचं नाव देणार. लोकांनी माना हलवल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मला काही शंका आली नाही. बाबांनी काम केलंच असणार.

आता पाकीट माझ्या मांडीवर होतं आणि रविवार तीन दिवसांवर.

आई भाकरी थापत होती. मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं. तिने एकदा पाहिलं, तव्यावरची भाकरी उलटली.

"मग?"

"मग शिवशंकररावांना सांगावं लागेल."

"काय सांगशील? तुमच्या साहेबानं खोटी सही केली?"

"आई, खोटी नाही. आधी केली."

"लोकायला फरक कळतो व्हय तेवढा?" तिचा हात थांबला नाही. "या गावात तुझ्या बापाला पहिल्यांदा कोण साहेब म्हनलं, ठाव हाय का तुला? त्याच्या बापाला कुणी नावानं बी हाक मारत नव्हतं. आता त्याचं नाव तिथं पत्र्यावर लिवनार हायेत, अन् तू चालली पुसायला."

"पोरगी उडणार आहे आई त्यात."

ती भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, "तुला येतं की बसवता. लहानपणी बापामागं पाने-पकडी घेऊन कोण फिरत होतं? जा अन् बसव. सही हायेच. झालं सगळं बराबर."

तिचं खोटं नव्हतं. मला येत होतं. त्यामुळेच दोन रात्री झोप लागली नाही. सांगितलं तर बाबांच्या सहा वर्षांच्या प्रत्येक सहीकडे बोट जाणार. नाही सांगितलं तर प्रतिक्षा जुन्या नळीवर उडणार. आणि गुपचूप बसवली तर दोन्ही टळणार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला हा तिसरा रस्ता इतका सोपा वाटू लागला की मी बाबांची हत्यारांची पिशवी काढून ठेवली.

शनिवारी सकाळी मी शेडवर गेले. देविदासने दार उघडलं.

"या ताई. साहेबांची पिशवी घेऊन आल्या? आता तुमीच साहेब व्हा. या विमानाला मी राखतो, मला कोण राखतं?"

"तुला काय झालं?"

"अकरा दिवस झाले, साहेबाच्या शिव्या न्हाईत. चहा गोडच लागून न्हाई राहिला." तो हसला आणि चहाला पाणी ठेवायला गेला.

पत्र्याच्या त्या शेडला मागे दार नाही. पंख इतके लांब की चालायला भिंतीला घासून जावं लागतं. मी इंजिनाजवळ पोचले, झाकणाचे स्क्रू काढले. जुनी नळी समोरच होती. तिच्यावरच्या पट्टीवर पाच वर्षांपूर्वीचा महिना होता, बाबांच्याच अक्षरात. तेव्हाचं अक्षर ठसठशीत होतं.

नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधलेली असते. मी पकड घेतली आणि तार कापली. पाना लावला. नट हलला, पाव फेरा. बोटावर पेट्रोलचा थेंब आला.

तिथे मी थांबले. घाबरले म्हणून नाही. नवी नळी मी नीट बसवली असती, असं मला अजूनही वाटतं. पण किती आवळायचं ते बाबा पुस्तकात पाहून, मोजून आवळत. माझ्या हाताला ते फक्त पाहून ठाऊक होतं. काही चुकलं असतं तर त्या चुकीवर सही बाबांची असती. ते नसताना, माझ्या हाताची चूक मी त्यांच्या नावावर चढवली असती. मी नट परत आवळायला पाना लावला आणि लक्षात आलं की तेही आता करता येत नाही. तार कापलेली होती, आणि नवी बांधून सही करायचा अधिकार मला नव्हता. आता हे विमान माझ्यामुळेही उडण्याच्या लायकीचं नव्हतं.

"ताई? काय करून राहिलात?"

प्रतिक्षा मागे उभी होती. हातात काच पुसायचं फडकं. बावीस वर्षांची असेल, केस घट्ट बांधलेले. बाबा तिला "पायलटबाई" म्हणत.

मी तिला पाकीट दाखवलं. जे होतं ते सांगितलं, वही मी धरली होती तेही. तिने वाकून जुन्या नळीवरची पट्टी वाचली. मग तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, शेडवर या. न्हाई, फोनवर न्हाई."

शिवशंकरराव अर्ध्या तासात आले. सगळं ऐकून खुर्चीत बसले, बाबांच्याच. मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसले.

"राणीताई," ते म्हणाले, "तुमाला बसवता येतं ना?"

"येतं. पण—"

"मग बसवा. मी बाहेर जातो. देविदास बी बाहेर. कुणी पाह्यलं न्हाई. सायबाचं नाव तसंच राहील. पेंटरला सांगून ठेवलंय मी. माज्यासाठी न्हाई म्हनून राहिलो, त्या माणसासाठी म्हनून राहिलो."

ते खरं बोलत होते. बाबांना गाडीत मांडीवर घेऊन त्यांनीच दवाखान्यापर्यंत नेलं होतं. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"आणि उद्या उडणार कोण, बाबा?" प्रतिक्षा म्हणाली. "मीच ना?"

देविदासने आणलेला चहा तसाच निवला. बऱ्याच वेळाने शिवशंकररावांनी खिशातून फोन काढला आणि हैदराबादच्या एका इंजिनियरचा नंबर शोधू लागले. जाताना ते मला "येतो" म्हणाले, ताई म्हणाले नाहीत.

इंजिनियर बुधवारी आले. अमरसिंग नाव, मूळचे नांदेडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला जबाबासाठी बोलावलं होतं. आई म्हणाली, मी बी येते. शेडमध्ये दारापाशी देविदासने तिला खुर्ची दिली, ती बसली. प्रतिक्षा तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसली.

अमरसिंगांनी जुनी नळी काढली. उजेडात धरली, वाकवली, पुन्हा उलट वाकवली, टोकातून आत पाहिलं. चिराही नव्हत्या, कडकपणाही नव्हता.

"अच्छी है," ते म्हणाले. "अजून वर्ष-दोन वर्षं सहज गेली असती." मग त्यांनी कात्रीने नळी मधोमध कापली, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

आई माझ्याकडे पाहत होती. "मग काहून सांगितलंस?" ती हळू म्हणाली.

नियम वर्षं मोजतो, नळी पाहत नाही, हे तिला मी सांगू शकले असते. पुस्तकात ते नीट लिहिलेलं आहे. पण तिने नळीबद्दल विचारलं नव्हतं.

अमरसिंगांनी हात पुसले, टेबलावर वही उघडली आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"बघा ताई, मेलेल्या माणसावर कारवाई होत नाही. पण एक नोंद आधी लिहिली म्हटल्यावर मला विचारावं लागतं, अशा आणखी किती. ते हात थरथरतो म्हणून सकाळी लिहीत होते, असं तुम्ही म्हणता. मग हात केव्हापासून थरथरत होता? तिथपासूनची सगळी कामं मी पुन्हा उघडून बघणार. त्याच्या आधीची नाही."

वही जाडजूड होती. सहा वर्षांची पानं, ओळीने बाबांचं अक्षर. मी "त्याच दिवशी" म्हणाले असते तर एकच पान गेलं असतं. बाकी सगळी वही जशीच्या तशी राहिली असती. शिवशंकरराव शेडच्या दारात पाठमोरे उभे होते, पण ऐकत होते. मला चौदा एप्रिलची, जयंतीची संध्याकाळ दिसत होती. फोटोपुढे मेणबत्ती लावताना बाबांची काडी तीनदा विझली आणि चौथ्यांदा आईने त्यांचं मनगट धरलं.

"चौदा एप्रिलपासून," मी म्हणाले.

त्यांनी पानं मागे उलटली. नऊ महिने. बोटाने नोंदी मोजल्या. "सतरा," म्हणाले आणि तिथे कागदाची पट्टी ठेवू लागले.

"न्हाई."

आई खुर्चीतून उठली होती. तिचा एक हात प्रतिक्षाच्या खांद्यावर होता, आधाराला की कशाला, मला कळलं नाही.

"त्याच्या बी आधीपासून," ती म्हणाली. "आदल्या दिवाळीपासून. सदऱ्याची बटनं लावता येईनात त्यांना. मी लावून देत होते रोज. पोरीला म्हाईत न्हाई."

अमरसिंगांनी तिच्याकडे पाहिलं. मग पट्टी काढून घेतली आणि पानं आणखी मागे उलटू लागले.