जस्ताचा पिरोजा

शुकरुल्लाह सोनार म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. झंजानहून आपल्या मुलाच्या साखरपुड्याची अंगठी घेऊन आला, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत, मशहदची यात्रा केलेल्याच्या मानानं मला हाक मारत सुरू झाला, "निशापूरचा अस्सल पिरोजा, मशदी! हातात तर घेऊन बघा."

घेतला. त्याच्या मुलासाठी बापाविना वाढलेल्या माझ्या भाचीचा, गुलअंदामचा होकार माझ्या हाती होता.

रंग निळसर हिरवा, छान. पण वजन? पिरोज्याच्या मानानं फार जड. पंचवीस वर्षं मी खाणीच्या तोंडाशी बसून चुनखडी आणि जस्ताचे दगड वेगळे केलेत. माझा तळवा मला फसवत नाही.

"हा जस्ताचा दगड आहे," मी म्हणालो. "खोलातलं जस्त पावसाच्या पाण्यानं कुजतं, झिरपत चुनखडीत शिरतं आणि तिथं हा जन्माला येतो. तांब्याचा अंश मिळाला की निळा होतो. आमच्याकडे असल्या दगडांनी गाढवाला हाकलतात."

"मशदी, जीभ सांभाळा!"

चुलीवर तोरशीच्या लोणच्यासाठी व्हिनेगर उकळत होतं. वाटीभर घेतलं आणि अंगठी आत टाकली. "पिरोजा असेल तर गप्प बसेल, जस्ताचा असेल तर फसफसेल."

खड्यावर बारीक बुडबुडे आले. मला मनापासून आनंद झाला.

सोनार लाल झाला. "तुमच्या लग्नातला पिरोजाही आमच्याच दुकानातला! माझ्या बापालाही चोर म्हणणार?"

"तुझा बाप माणूस होता. तू त्याच्या नावाला लागलेला डाग आहेस."

कोपऱ्यात वांगी चिरत बसलेली माझी बायको ताजमाह उठली. कमरेच्या पुरचुंडीतून तिनं आपली अंगठी काढली. लोणचं घालायच्या दिवशी ती दरवर्षी अंगठी काढून ठेवते. मला वाटायचं, माझ्या भेटीची केवढी ही जपणूक!

तिनं ती वाटीत सोडली. बुडबुडे आले.

"पहिल्याच वर्षी लोणचं घालताना खड्याची चकाकी गेली होती," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे जाणकार. तुम्हाला कोण शिकवणार?"

शुकरुल्लाह खो खो हसला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण हात उचलवेना.

चुलीपाशी उभ्या असलेल्या गुलअंदामनं चमच्यानं सोनाराची अंगठी बाहेर काढली, पुसली आणि त्याच्या बशीत ठेवली.

"घेऊन जा, काका. मला जन्मभर अंगठी काढून लोणचं घालायचं नाही."

हे ती मामीकडे बघत म्हणाली. माझ्याकडे दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं.