थोरलीचा डबा

दोन जावांचं एका चुलीवर पटत नाही म्हणतात. या दोघींचं मात्र एका गाण्यावर पटलं होतं. थोरली गिटार वाजवायची, धाकटी गायची, आणि शाळेची बस चालवणारी त्यांची नणंद ड्रम बडवायची. ओळखीचे लोक त्यांना 'जावांचा बँड' म्हणायचे. "मला कुणी मोजतच नाही," नणंद कुरकुरायची, "आणि सगळ्यात मोठा आवाज माझाच!"

मग एका सकाळी थोरलीच्या हातून चहाचा कप सुटला. तो उचलायला ती वाकली, पण उजवा हात पुढे झालाच नाही. अर्धांगवायूचा झटका सौम्य होता, वेळेवर इलाज झाला. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही हळूहळू सावरलं. उजवा हात मात्र घरी आलेल्या पाहुण्यासारखा वागू लागला. असायचा सगळीकडे, कामाचा कशाच्याच नाही.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी दोन वाट्या समोर ठेवल्या. एकीतली बटणं चिमटीत धरून दुसरीत टाकायची, मग परत पहिलीत. थोरलीनं टाकली. पण जन्म शिवणकामात गेलेला. बटणं इकडून तिकडे करत बसायची तिला लाज वाटू लागली. "शर्ट तरी द्या लावायला," ती बाईंना म्हणाली. सुईत दोरा ओवला जाईना, तेव्हा परत वाट्या पुढ्यात ओढल्या.

गिटार घेतली तर तऱ्हा तीच. डाव्या हाताची बोटं पूर्वीसारखी जागेवर जायची, पण उजव्यात तार छेडायचा जोर नव्हता. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवूनही सूर उमटायचा आणि लगेच विझायचा.

नणंद एका दुपारी बसच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात आली आणि मोबाइलवर एक गाणं लावलं. त्यात गिटार घसा बसल्यासारखी गुरगुरत होती, आणि एकेक सूर संपता संपत नव्हता.

"वहिनी, याला फझ म्हणतात. पायाजवळ एक पेडल असतं. तार नुसती हलली तरी आवाज भरून येतो आणि टिकतो. उद्या दुकानातून आणते तुला."

"आत काय असतं त्याच्या?"

"काय असणार? दोन ट्रान्झिस्टर आणि थोडे बारीकसारीक तुकडे. हौशी लोक घरीही बनवतात."

थोरलीनं बटणांच्या वाट्यांकडे पाहिलं. "मग तुकडेच आण. पेडल नको."

व्यायामाच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या दचकल्या. "अहो, गरम सोल्डरिंग आयर्न! हात भाजेल."

"भाजला तर कळेल तरी, की तो माझाच आहे."

खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. बारीक भोकांची एक पट्टी, त्या भोकांत तुकड्यांचे केसासारखे पाय घालायचे, आणि पट्टीच्या मागून वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा. आयर्न तिनं डाव्या हातात घेतला आणि तुकडे बसवायचं काम मुद्दाम उजव्याला दिलं. तुकडे पडायचे, टेबलावरून उडी मारून कपाटाखाली जायचे. नवरा विजेरी घेऊन गुडघ्यांवर बसायचा आणि शोधून आणायचा.

"अगं, मी धरतो ना. तू नुसता डाग दे."

"अहो, तुम्ही धरलंत तर तुमचा हात सुधारेल. आजारी माझा आहे."

सगळं जोडून झालं. तिनं बॅटरी लावली, गिटार जोडली, तार छेडली. ॲम्प्लिफायरनं हूं की चूं केलं नाही. जोडणीच्या रेखाचित्राशी ताडून पाहताना एक ट्रान्झिस्टर उलट्या तोंडानं बसलेला सापडला. तो सोडवताना त्याचा पाय तुटला. शिवाय बरेचसे डाग नीट पसरलेलेच नव्हते, नुसते गोळे होऊन बसले होते. चुकलेली शिवण ओढून चालत नाही, हे ती शिकाऊ मुलींना नेहमी सांगायची. तिनं सगळं उसवलं आणि नणंदेला नवे तुकडे आणायला सांगितलं.

या खेपेला आवाज आला. पण गिटारचा नाही. एक गृहस्थ गंभीरपणे हवामानाचा अंदाज सांगत होते.

"वा!" नवरा म्हणाला. "रेडिओ लागला! आता गिटार हवीच कशाला?"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसून शोधाला लागली. उघड्या तारा एरियलसारख्या रेडिओ पकडतात. सगळं धातूच्या डब्यात बंद करून डब्याला अर्थिंगची तार जोडायची, म्हणजे गृहस्थ गप्प. तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला.

"डबा धरा घट्ट," ती ड्रिल उचलत नवऱ्याला म्हणाली. "हे धरायची परवानगी आहे."

तार टेकेल तिथला रंग तिनं घासून काढला. गृहस्थ गप्प झाले. उजव्या अंगठ्यानं तिनं जाड तार जेमतेम हलवली, आणि खोलीभर खरखरीत, भरदार सूर पसरला. तो विझेपर्यंत ती श्वास रोखून उभी होती.

सरावाच्या दिवशी ती डबा घेऊन धाकटीच्या गॅरेजमध्ये गेली. तिथे एक अनोळखी माणूस गिटार लावत बसला होता. धाकटीच्या ऑफिसातला. बँडचा कार्यक्रम जवळ आला होता, म्हणून थोरलीच्या जागी बोलावलेला.

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून... मी विचारलंच नाही."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. खुर्ची दे."

लांब सुरांच्या ओळी थोरलीनं अशा वाजवल्या की नणंदेची काठी हवेतच राहिली. पण मधला धावता तुकडा आला आणि उजवी बोटं एकमेकांत अडकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकली. ऑफिसवाला हळूच गिटार पिशवीत घालू लागला.

थोरलीनं डाव्या हातानं त्याची पिशवी धरली. "बसा हो तुम्ही," ती म्हणाली. "पळायचं काम तुमचं, थांबायचं माझं. हात पळायला लागला की तुमच्याकडून परत घेईन."

"मग गाणं जरा संथ घेऊ या का, ताई?" धाकटीनं विचारलं.

"अजिबात नाही. आहे त्याच चालीत."

नणंदेनं काठ्या आपटून सुरुवात दिली. धावता तुकडा ऑफिसवाल्यानं सफाईनं काढला, आणि तो संपता संपता थोरलीनं पायानं डब्यावरचा खटका दाबून एकच तार हलवली. सूर उठला, छपराच्या पत्र्याला भिडला आणि तिथेच राहिला. धाकटी ऐकतच उभी राहिली, तिची ओळ निघून चालली होती.

"अगं, गा की!" थोरली ओरडली.